भिंतीवरची वेल वर झुपका, खाली काड्या: काय तपासायचं, काय बदलायचं

पांढरी किंवा करड्या रंगाची सपाट भिंत, खाली शहाबादी फरशी नाहीतर खडी, एखादा दगडी बाक आणि भिंतीवर एकच वेल. अशी मोकळी, कमी झाडांची बाग हल्ली पुण्या-नाशकाकडच्या बंगल्यांत आणि मोठ्या गच्च्यांवर बरीच होते. मी अशा बागांची देखभाल करतो. दुरुस्तीसाठी बोलावणं येतं ते बहुतेक वेळा एकाच कारणासाठी: वेल ‘नीट होत नाही’. म्हणजे काय होतं, ते आधी बघू.

खालचे चार-पाच फूट नुसत्या उघड्या काड्या असतात आणि सगळी पानं वर कठड्याशी गोळा झालेली असतात. किंवा वेल जोमात असते, पण दोन-दोन वर्षं फूल येत नाही. किंवा ती भिंत धरतच नाही. सुतळीने बांधलेली असते आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात अख्खी सुटून फरशीवर येते. कधी नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणि एक तक्रार याच्या उलट असते: वेल इतकी माजते की खिडकीची जाळी, पावसाच्या पाण्याचा पाइप, शेजाऱ्यांची गॅलरी सगळं व्यापते.

दाट बागेत हे खपून जातं, कारण उघड्या काड्यांपुढे चार झुडपं असतात. इथे मात्र भिंत आणि वेल एवढंच दिसतं, त्यामुळे प्रत्येक दोष समोर येतो. यातल्या निम्म्याहून जास्त वेली आजारी नसतातच. नर्सरीत फूल बघून वेल घेतलेली असते. ती चढते कशी, हे कोणी विचारलेलं नसतं. तरीही वेल उपटायची घाई करू नका. पुढची तपासणी फुकटपासून खर्चिकापर्यंत अशा क्रमाने लिहिली आहे. त्याच क्रमाने जा.

ऊन

यासाठी फक्त एक रविवार घरी असायला हवं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता भिंतीचा फोटो काढा. भिंतीच्या बुडाशी, म्हणजे मूळ जिथे आहे तिथे, आणि वर कठड्याशी ऊन किती आहे ते वेगवेगळं पाहा. उंच कंपाउंडच्या आत खालचा भाग दिवसभर सावलीत आणि वरचा उन्हात, असं फार ठिकाणी आढळतं. मग वेल खाली पानं कशाला धरेल? ती उन्हाकडे पळणारच. ‘खाली काड्या’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

ऋतूही लक्षात घ्या. पुण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो दिवस, मेच्या मध्यावर येतो. तेव्हापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत हिवाळ्यात न्हाऊन निघते आणि जूनमध्ये तिला दुपारचं थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. उत्तरेकडच्या भिंतीचं बरोबर उलटं. जानेवारीत पाहणी करून ‘इथे कायम सावली असते’ म्हणत नाजूक पानांची वेल लावली, तर मेमध्ये तिची पानं करपतात, ती यामुळे. पश्चिमेची पांढरी भिंत तर संध्याकाळी हात लावून बघा. संगमरवरी किंवा पांढरी फरशी समोर असेल, तर पानांना खालूनही झळ लागते.

बोगनवेल, संक्रांत वेल आणि कर्टन क्रीपर यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. त्याहून कमी ऊन असेल तर खत, औषध, छाटणी यांपैकी कशानेही त्या फुलणार नाहीत. पुढचं काही तपासूही नका, सरळ वेल बदलण्याच्या भागाकडे जा.

वेल कशाने धरते?

यालाही पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावर एक मोठा निबंध लिहिला. आधाराभोवती पिळे घालत चढणाऱ्या, ताण्यांनी धरणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या अशी वाटणी त्यात आहे. बागेत आधार निवडताना आजही तीच कामाला येते.

वेलीचा कोवळा शेंडा हातात घेऊन जवळून बघा. लसूणवेलीच्या प्रत्येक पेरावर दोन-दोन पानांच्या जोड्या असतात आणि त्या दोन पानांच्या मधून बारीक ताणा निघतो. हा ताणा चार मिलिमीटरच्या तारेला सुरेख गुंडाळतो. दोन इंची चौकोनी पाइपपाशी मात्र तो नुसता चाचपडतो आणि वाळून जातो. संक्रांत वेल आणि कृष्णकमळ हेही ताणेवालेच. यांना पेन्सिलीपेक्षा जाड आधार उपयोगाचा नाही. आधुनिक घरांत आर्किटेक्टने दिलेली पर्गोला (उघडा मांडव) जाड चौकोनी पाइपांची असते, म्हणून ताण्याची वेल तिच्यावर कधी चढत नाही आणि दोष माळ्याला लागतो. उपाय स्वस्त आहे: पाइपाच्या बाजूने एक बारीक तार ओढून द्या.

गोकर्ण आणि पेट्रिया या पिळे घालणाऱ्या वेली. यांना उभी तार किंवा बारीक सळई हवी. आडव्या तारांवर त्या आपणहून पसरत नाहीत, हाताने वळवाव्या लागतात. जाड खांबाभोवती पिळा घालणं यांनाही जमत नाही.

बोगनवेल, जाई, अलामांडा, मधुमालती खऱ्या अर्थाने चढतच नाहीत. त्या लांब फांद्या दुसऱ्या झाडावर टाकतात आणि रेलतात. बोगनवेलीला काटे असतात, तिला अडकण्यापुरता त्यांचा उपयोग. सपाट प्लास्टरवर या कायम घसरणार, त्यांना बांधूनच ठेवावं लागतं. बांधायचं असेल तर आठच्या आकड्याचा सैल फास द्या. तारेने आवळलेली फांदी दोन वर्षांत जाड होते आणि तार सालीत रुतते.

चौथा प्रकार फायकस प्युमिला आणि मनी प्लँटचा. यांची मुळं पेरातून निघून थेट भिंत पकडतात. ताज्या, गुळगुळीत, धुता येणाऱ्या रंगावर फायकस लवकर धरत नाही. खरखरीत काँक्रीट, उघडा दगड किंवा रंग न दिलेलं प्लास्टर त्याला आवडतं. रोप लावलं आणि वर्षभर काही हललं नाही, तर जुन्या लांब फांद्या मुळापासून वीतभर ठेवून कापा. भिंतीला चिकटून आलेल्या नव्या डिऱ्याच मुळं सोडतात. जुनी सुटलेली फांदी परत चिकटत नाही, कितीही टेप लावा.

पाणी

बुडाशी दोन इंच बोट घालून बघा. भर पावसाळ्यातसुद्धा भिंतीलगतची माती कोरडी सापडते, कारण वर छज्जा असतो आणि पाऊस फूटभर पुढे पडतो. म्हणून वेल भिंतीला खेटून न लावता तिच्यापासून फूट-दीड फूट पुढे लावावी आणि भिंतीकडे कलती करावी. आधीच खेटून लावली असेल, तर ठिबकचा एक ड्रिपर मुळाशी द्या.

याच्या उलट, बोगनवेलीची कुंडी सतत ओली असेल तर पानंच पानं येतील. तिचं पाणी तोडा. पानं किंचित मलूल दिसू लागली की मगच पाणी द्या. थंडीत हे दोन-तीनदा केलं की रंग येतो. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे ना, तेही बघून घ्या.

कात्री कधी लागली?

फूल न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला दिवाळीच्या साफसफाईत सापडतं. घराला रंग द्यायचा, भिंत स्वच्छ दिसायला हवी, म्हणून ऑक्टोबरमध्ये सगळ्या वेली भादरल्या जातात. संक्रांत वेल पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत फुलते. त्या फांद्याच कापल्या, तर फुलायला उरलं काय? तिची छाटणी फुलं संपल्या संपल्या, मार्चपर्यंत उरका. गणपतीनंतर तिला कात्री लावायची नाही.

जाई-जुईचं वेळापत्रक फुलशेतीवाल्यांनी केव्हाच बसवून ठेवलंय. तामिळनाडूत जाई डिसेंबरात आणि जुई जानेवारीच्या अखेरीला जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर छाटतात. आपल्याकडेही हेच चालतं. घरच्या बागेत इतकं खाली कापायला लोकांचा हात धजत नाही, पण खाली काड्या झालेली जाई दुरुस्त करायचा दुसरा मार्ग नाही. बुंध्याजवळच्या डोळ्यांना उजेड मिळाला तरच तिथून फुटवा येतो.

सगळ्याच वेलींचा स्वभाव असा असतो की शेंडा वर जात राहिला तर खालचे डोळे झोपलेले राहतात. फांदी आडवी केली की तिच्या लांबीभर डोळे फुटतात. म्हणून नवी वेल लावताना पहिलं वर्ष तिला वर जाऊच देऊ नका. पहिल्या तारेपाशी शेंडा खुडा, येणारे दोन-तीन फुटवे डावी-उजवीकडे आडवे बांधा, खालची तार भरली की मगच पुढच्या तारेवर सोडा. वेळ लागतो, पण ज्या बागेत भिंत सरळ रेषेत भरून दिसायला हवी तिथे याला पर्याय नाही. जाई-जुई आणि संक्रांत वेल सोडून इतर जुन्या वेलीवर हे करताना एकदम सगळं कापू नका. सगळ्यात जुन्या एक-तृतीयांश फांद्या जूनच्या तोंडावर खालून कापा, बाकीच्या पुढच्या वर्षी.

खत आणि माती

गडद हिरवी, मोठी पानं, लांब पेरं आणि फूल नाही, हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण. लॉनसाठी टाकलेला युरिया पाण्यासोबत वेलीच्या मुळाशी येतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो थांबवा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोखंड कमी पडतंय. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. भिंतीच्या बुडाशी हातभर खणा. नव्या बांधकामात तिथे विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, प्लास्टरचे खपले, कधी सिमेंटची फाटकी गोणीसुद्धा निघते. ठेकेदार राडारोडा तिथेच दाबतो आणि वर सहा इंच तांबडी माती पसरतो. त्यातली मूठभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. फेस आला तर चुना भरपूर आहे. काळ्या जमिनीत चुनखडीमुळेही असाच फेस येतो, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं.

तात्पुरता इलाज म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असं लिहिलेलं घ्या. स्वस्त ‘ईडीटीए’ प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही. कायमचा इलाज मात्र माती बदलणं हाच आहे: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा, राडारोडा बाहेर, आत पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत. हे एका दिवसाचं काम आहे, माळ्याकडून करून घ्या.

बोगनवेलीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेल. याने वेल कुरूप दिसते, पण वरच्या तक्रारींचं मूळ तो क्वचितच असतो.

आधार बदलणं

इथून खर्च सुरू होतो. तयार मिळणाऱ्या हिरव्या प्लास्टिकच्या जाळ्या अशा बागेत घेऊ नका. उन्हाने दोन-तीन वर्षांत त्यांचा चुरा होतो आणि वेलीत अडकलेले तुकडे काढता येत नाहीत. स्टेनलेस स्टीलची चार मिलिमीटरची तार आणि टोकाला ताणण्यासाठी टर्नबकल घ्या. तारा फूट-दीड फूट अंतरावर आणि भिंतीपासून दोन ते चार इंच पुढे ठेवा. हे पुढचं अंतर सोडू नका. वेलीमागून हवा खेळते, भिंत कोरडी राहते, ताणे मागून फिरू शकतात आणि रंग देताना ब्रश आत जातो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्यात समुद्राजवळ ३०४ ग्रेडवर गंजाचे तपकिरी ठिपके येतात. तिथे ३१६ ग्रेड मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते टिकतं.

अँकर, म्हणजे तार भिंतीत धरून ठेवणारा बोल्ट, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जायला हवा. नुसत्या प्लास्टरमध्ये बसवलेला अँकर ओल्या वेलीच्या वजनाने पहिल्याच पावसात पोपड्यासकट बाहेर येतो.

आणि शेवटी, वेलच बदलणं

इतकं करून जमलं नाही, किंवा ऊन आणि वेल यांचं जुळतच नाही असं ठरलं, तर बदला. अशा बागेत मी वेल निवडताना फुलाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. वर्षाचे बारा महिने पानं कशी दिसतात, खाली कचरा किती पडतो आणि ती आपल्या रेषेत राहते का, हे आधी.

भरपूर ऊन आणि उंच भिंत असेल तर कर्टन क्रीपरइतकी देखणी गोष्ट नाही. मात्र ती चढवायची नसते, वरून सोडायची असते. कठड्यावर दीड फूट खोल लांब वाफा करा आणि रोपं दीड-दोन फुटांवर लावा. बारीक फांद्या सरळ खाली उतरतात, पडदा आपोआप होतो, खालची कड सरळ रेषेत कापता येते. अनेक जण ती खाली जमिनीत लावून वर चढवायला बघतात आणि मग ‘वाढत नाही’ म्हणतात.

चार-पाच तास ऊन आणि ताणलेल्या तारा असतील तर लसूणवेल. पान जाड, तकतकीत, बारमाही. फुलं जांभळी उमलून फिकट होत जातात. पान चुरगळलं की लसणाचा वास. ती हावरट नाही, म्हणून मला विशेष आवडते. पेट्रियाही सुंदर, पण सावकाश वाढते. धीर असेल तरच घ्या.

उत्तर किंवा पूर्वेची, दगडी वा उघड्या काँक्रीटची कंपाउंड भिंत असेल तर फायकस प्युमिला. हिरवा रंग दिल्यासारखी सपाट भिंत होते. त्याची अट वर्षातून तीन-चार वेळा कात्री ही आहे. भिंतीच्या माथ्यावर पोचला की त्याचं रूप पालटतं: नखाएवढी पानं जाऊन मोठी, जाड पानं येतात आणि लाकडासारख्या फांद्या भिंतीपासून बाहेर निघतात. दिसताक्षणी त्या मुळापासून कापा. घराच्या रंगवलेल्या भिंतीवर, खिडक्यांच्या आसपास आणि जिथे भेग आहे तिथे तो मुळीच लावू नका. काढल्यावर मुळांचे तपकिरी ठसे राहतात, ते घासून निघत नाहीत.

आतल्या सावलीच्या चौकात मनी प्लँट लावा. तो स्वस्त म्हणून लोक नाक मुरडतात, पण जमिनीत लावून खरखरीत भिंतीवर चढू दिला तर पानं हातभर होतात. घरात पान चघळणारं कुत्रं-मांजर असेल तर टाळा, त्याच्या रसाने तोंड सुजतं.

मधुमालती मला मनापासून प्रिय आहे. संध्याकाळी पांढरी उमलून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत लाल होणारी फुलं आणि तो वास! पण बारीक तारांवर तिला लावू नका. ती दोन मजले सहज चढते, मुळांतून फुटवे काढते आणि तारा ओढून खाली आणते. तिला मजबूत मांडव द्या, फरशीपासून लांब. आइस्क्रीम वेलीचे कंद जमिनीत राहतात आणि ती परत परत येते, म्हणून छोट्या बागेत नकोच. परदेशी फोटोंतली विस्टेरिया थंडीच्या मुलखातली आहे, पुण्या-मुंबईच्या हवेत तिच्याकडून फुलांची आशा धरू नका.

एका भिंतीला एकच जात. दोन वेली एकत्र लावल्या की जोमदार वेल दुसरीला झाकते आणि वर्षभरात पुन्हा तेच: वर झुपका, खाली काड्या.

इथे थांबा

भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज पोकळ आला, आतल्या बाजूला ओल किंवा पांढरा क्षार दिसला, किंवा वेलीमागे भेग सापडली, तर वेलीला ओढू नका. ओढताना प्लास्टर अंगावर येतं. आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, मग वेल तुकड्या-तुकड्यांनी काढा.

एका मजल्याच्या वरचं काम घरच्या शिडीवरून करायचं नाही. वेलीतून विजेची केबल, मीटरचा बोर्ड किंवा गॅसचा पाइप जात असेल तर कात्री खाली ठेवा आणि त्या त्या माणसाला बोलवा.

गच्चीवर किंवा कठड्याशी नवा वाफा बांधायचा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. दहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल वाफ्यातली ओली माती जवळजवळ एक टन भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वापराचा भार धरून केलेला असतो, आणि या वाफ्याखाली तो चौपटीहून जास्त होतो. तुळईवर वाफा घेता येईल का, हे इंजिनिअरच सांगू शकतो, माळी किंवा ठेकेदार नव्हे. वाफा आधीच बांधलेला असेल आणि खालच्या छताला ओल किंवा बारीक तडा दिसत असेल, तर तपासणी होईपर्यंत त्यात नवी माती घालू नका आणि पाणी रोप जगण्यापुरतंच द्या.